खांद्यावरची सायकल

माउंटन बाइकचा इतिहास विचारला की बहुतेक जण कॅलिफोर्नियाचं नाव घेतात. मरीन काउंटीतली तरुण मंडळी जाड टायरांच्या जुन्या सायकली घेऊन डोंगरउतारावरून सुसाट खाली यायची. १९७६ मध्ये त्यांची ‘रीपॅक’ शर्यत सुरू झाली आणि पुढे त्यातूनच एक मोठा उद्योग उभा राहिला. हे सगळं खरं आहे. मात्र ब्रिटनमध्ये सायकल डोंगरात नेण्याची रीत त्याहून बरीच जुनी. तिथे फार काळ विकण्यासारखं काही नव्हतं, म्हणून जाहिराती नव्हत्या, आणि जाहिरातींअभावी तो इतिहास लोकांच्या घरांतल्या खोक्यांत पडून राहिला.

त्याची एक ठळक नोंद १९१९ची आहे. महायुद्ध थांबून जेमतेम चार महिने झाले होते. डब्ल्यू. एम. रॉबिन्सन हे ‘वेफेअरर’ या टोपणनावाने लिहीत. मार्चमध्ये त्यांनी सोबत्यांसह उत्तर वेल्समधले बर्विन डोंगर बर्फातून सायकलींनिशी ओलांडले आणि त्यावर ‘सायकलिंग’ नियतकालिकात लेख लिहिला. सायकल चालवण्यापेक्षा ढकलायचीच वेळ जास्त यावी, असा तो रस्ता. पण वाचणाऱ्यांना त्याचीच ओढ लागली. पुढे मॅजिक लँटर्नच्या चित्रांसह त्यांची व्याख्यानंही गाजली. त्या वाटेवरच्या खिंडीत १९५७ मध्ये त्यांच्या स्मरणार्थ दगड बसवला, तो ‘रफ-स्टफ फेलोशिप’ने.

ही फेलोशिप म्हणजे या कहाणीचा गाभा. मे १९५५ मध्ये हेरफर्डशरमधल्या लेमस्टर गावी ‘ब्लॅक स्वान’ पबमध्ये चाळीसेक सायकलस्वार जमले आणि डांबरी रस्ता सोडून फिरणाऱ्यांचा क्लब स्थापन झाला. अशा प्रकारचा जगातला सर्वांत जुना क्लब म्हणून तो ओळखला जातो. त्यांच्या सायकली साध्या, लांबच्या प्रवासाच्या. ना शॉक अ‍ॅब्सॉर्बर, ना रुंद टायर. वाट संपली की उतरायचं, सायकल खांद्यावर घ्यायची, ओढा ओलांडायचा, पुढे जायचं. १९५८ मध्ये डिक फिलिप्स आणि त्यांच्या साथीदारांनी आइसलँडचा निर्मनुष्य अंतर्भाग याच पद्धतीने पार केला. मला या लोकांचं सर्वांत भावतं ते हे, की सायकल उचलून चालणं त्यांना हार वाटत नसे.

सभासद फोटो काढत, नकाशे जपत, क्लबच्या अंकात प्रवासवर्णनं लिहीत. त्यांतल्या कित्येक स्लाइड्स माळ्यांवर आणि कपाटांत राहिल्या. सभासद वयस्क झाले, काही गेले, तेव्हा हे सगळं कचऱ्यात जाईल ही भीती खरी ठरू लागली. क्लबने आवाहन केलं आणि खोकी येऊ लागली. त्यांतून निवडलेल्या छायाचित्रांचं देखणं पुस्तक २०१९ मध्ये निघालं. लोकरी मोजे, स्टोव्हवर उकळणारा चहा, धुक्यातली खिंड, आणि डोंगरात निघालेल्या बायकाही त्यात आहेत. हा खेळ म्हणजे पुरुषांची मर्दुमकी, असा समज असणाऱ्याने ती पानं अवश्य बघावीत.

कायद्याचा धागाही महत्त्वाचा आहे. इंग्लंड-वेल्समधल्या घोडेवाटांवर सायकल चालवण्याचा हक्क १९६८च्या कंट्रीसाइड अ‍ॅक्टने दिला. पायी जाणाऱ्यांना आणि घोडेस्वारांना आधी वाट द्यायची, एवढीच अट. ब्रिटिश माउंटन बाइकिंगचा नकाशा मोठ्या प्रमाणात या एका तरतुदीने आखला गेला.

आता यंत्राकडे. बकिंगहॅमशरमधल्या जेफ अ‍ॅप्स यांना ट्रायल्स मोटारसायकलींचं आकर्षण होतं. १९७०च्या दशकाच्या अखेरीस त्यांनी चिल्टर्नच्या चिखलासाठी वेगळीच सायकल घडवायला घेतली. ताठ बसण्याची ठेवण, पॅडल जमिनीपासून उंच आणि चाकाच्या मध्यात ड्रम ब्रेक, कारण चिखलाने माखलेल्या रिमवर रबरी ब्रेक धरत नाहीत. टायर फिनलंडचे, बर्फासाठीचे ‘हाकापेलिटा’. बनवणारी कंपनी नोकिया. हो, पुढे मोबाइलसाठी घराघरांत पोचलेलीच. अ‍ॅप्स यांची ‘क्लीलँड अ‍ॅव्हेंचुरा’ १९८२ मध्ये विक्रीला आली आणि १९८४ मध्ये त्यांची कंपनी बंद पडली. मात्र त्यांनी कॅलिफोर्नियातल्या गॅरी फिशर आणि चार्ली केली या रीपॅकवाल्यांना मोठ्या चाकांचे हे टायर पाठवले होते. पुढे २९ इंची चाकांचा जो जमाना आला, त्याची एक मुळी त्या पार्सलांत सापडते. कॅलिफोर्नियाने ब्रिटनला शिकवलं ही गोष्ट म्हणूनच अर्धीच आहे.

बाकी १९८०चं दशक गर्दीचं. मडी फॉक्स, रिजबॅक, सॅरसन ही सायकलींची नावं दुकानांत आली. निक आणि रिचर्ड क्रेन या चुलतभावांनी १९८४ संपताना सॅरसनच्या सायकली किलिमांजारोवर नेल्या. वेल्समधल्या लॅन्अर्टिड वेल्सच्या माणूस-विरुद्ध-घोडा शर्यतीत १९८५ पासून सायकलींनाही प्रवेश मिळाला आणि १९८९ मध्ये टिम गूल्डने घोड्याला मागे टाकलं. पुढच्याच वर्षी कोलोरॅडोतल्या ड्युरँगोच्या जागतिक स्पर्धेत त्याने क्रॉस-कंट्रीचं कांस्यपदकही मिळवलं.

विजेत्यांची नोंद आपोआप राहते. राहत नाही ती छोट्या कारखान्यांत फ्रेम जोडणाऱ्यांची, गावच्या शर्यतींचा मार्ग आखणाऱ्यांची, पहाटे उठून चिखलात दोऱ्या बांधणाऱ्यांची. त्यांतले अनेक जण आज हयात आहेत आणि त्यांचे अल्बम त्यांच्याच घरी आहेत. फेलोशिपने जे पन्नाशीच्या दशकासाठी केलं, ते ऐंशीच्या दशकासाठी करायला हीच वेळ आहे. फोटो गोळा करताना त्यातला माणूस, जागा आणि वर्ष त्याच बैठकीत लिहून घ्यायला हवं.