परदेशी शिष्यवृत्ती : ‘पूर्ण’ या विशेषणाचा अर्थ

‘शिष्यवृत्ती’ या समासातील ‘वृत्ती’ म्हणजे उपजीविका. या मूळ अर्थाने पाहता केवळ शुल्कमाफीस शिष्यवृत्ती म्हणता येत नाही. शिष्याच्या निर्वाहाचा भार जी उचलते तीच खरी वृत्ती होय. विकसनशील देशांतील विद्यार्थ्यांस परदेशी पदव्युत्तर शिक्षणासाठी ज्या योजना उपलब्ध आहेत, त्यांच्या मागे ‘पूर्ण’ हे विशेषण लावलेले आढळते. त्याचा अर्थ मात्र सर्वत्र एकच नसतो. मोर्शी-वरूडकडील एखाद्या संत्राबागाईतदाराच्या मुलाने तो चुकीचा लावला, तर घरची बाग गहाण पडण्याचा प्रसंग येऊ शकतो. म्हणून या शब्दाची थोडी फोड करणे अगत्याचे आहे.

आपल्याकडील सर्वांत बोधप्रद उदाहरण डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे. १९१३ साली बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांच्या शिष्यवृत्तीवर ते न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले. दरमहा साडेअकरा पौंड, मुदत तीन वर्षे, आणि परतल्यावर दहा वर्षे संस्थानची नोकरी, असा तो करार होता. १९१५ साली त्यांनी एम्. ए. ची पदवी संपादन केली. रक्कम, मुदत आणि बंधन ही कोणत्याही शिष्यवृत्तीची तीन अंगे येथे स्पष्ट दिसतात.

आजच्या योजनाही याच तीन अंगांनी तपासाव्यात. ब्रिटनच्या चिव्हनिंग शिष्यवृत्तीत शुल्क, निर्वाह व प्रवास यांचा समावेश असतो. तथापि अर्जापूर्वी दोन वर्षांचा कार्यानुभव लागतो व नंतर किमान दोन वर्षांसाठी मायदेशी परतावे लागते. युरोपीय संघाच्या इरॅस्मस मुंडुस योजनेत, २०२१ पासूनच्या कार्यक्रमानुसार, शुल्क भरावे लागत नाही व दरमहा १४०० युरो मिळतात. प्रवासाचा खर्च मात्र त्याच रकमेतून भागवावयाचा असतो. म्हणजे दोन्ही योजना ‘पूर्ण’ असल्या तरी विमानाचे पहिले तिकीट एकीत मिळते, दुसरीत त्याची तजवीज स्वतः करावी लागते. शिवाय पारपत्र, भाषा-परीक्षा व अर्ज यांचा खर्च निवडीपूर्वीच येतो, हेही विसरू नये.

स्वदेशी योजनांपैकी महाराष्ट्र शासनाची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी आहे. केंद्र शासनाची राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्ती १९५४-५५ पासून चालत आली असून तीत अनुसूचित जातींबरोबरच विमुक्त व भटक्या जमाती, भूमिहीन शेतमजूर आणि परंपरागत कारागीर यांच्या मुलांनाही स्थान आहे.

या दुसऱ्या योजनेसंबंधी एक गोष्ट भाषा व समाजशास्त्राच्या अभ्यासकांनी ध्यानी घ्यावी. २०२२ साली तिच्या नियमावलीत भारतीय संस्कृती, वारसा, इतिहास आणि भारतविषयक सामाजिक अभ्यास हे विषय वगळण्यात आले. आपल्या देशाचा अभ्यास देशातच उत्तम होईल, असा युक्तिवाद यामागे असू शकतो व तो अगदीच निराधार नाही. परंतु डॉ. आंबेडकरांच्या कोलंबियातील एम्. ए. प्रबंधाचा विषय प्राचीन भारतीय व्यापार हा होता; अमरावती जिल्ह्यातील पापळचे डॉ. पंजाबराव देशमुख यांनी ऑक्सफर्ड येथे वैदिक वाङ्मयातील धर्मविचारावर प्रबंध लिहिला. या नियमाच्या कसोटीस हे दोन्ही विषय उतरले नसते. परदेशी जाणारा विद्यार्थी तेथून केवळ विषय आणीत नाही, तर पद्धती आणतो. आणि आपल्या वऱ्हाडी बोलीकडे नव्या पद्धतीने पाहावयाचे असेल, तर त्या पद्धतीचे शिक्षण जेथे उत्तम मिळते तेथे जाण्यास आडकाठी असू नये.

सारांश, अर्ज करणाऱ्याने चार प्रश्न विचारावेत : शुल्क कोण भरणार? निर्वाहाची रक्कम किती व किती काळ? प्रवासाची सोय काय? परतीची व विषयाची अट कोणती? उत्तरे योजनेच्या चालू वर्षाच्या मूळ नियमावलीतच शोधावीत, ऐकीव माहितीवर विसंबू नये. अध्यापकांचेही येथे कर्तव्य आहे. शिफारसपत्र हे शिष्टाचारादाखल लिहून द्यावयाचे प्रमाणपत्र नव्हे. विद्यार्थ्याने कोणता प्रश्न हाती घेतला व तो कसा सोडविला, हे त्यात नेमके आले पाहिजे. ग्रामीण महाविद्यालयातील विद्यार्थ्याला परदेशात ओळखणारे कोणी नसते. त्याची ओळख करून देणारे ते एकच पत्र असते.