वाख एकाचा, सूत दुसऱ्याचे

लिननचा सदरा ज्या धाग्याचा, तो धागा जवसाचा. विदर्भात तेलासाठी आणि चटणीसाठी जे जवस पेरतात, तीच ही वनस्पती. फक्त वाण निराळा. तेलाचे जवस बुटके, फांद्या फुटलेले. धाग्याचे दाट पेरलेले, कमरेपर्यंत सरळसोट वाढलेले. जगातल्या या धाग्याचा मोठा वाटा फ्रान्समधील नॉर्मंडीपासून बेल्जियम, नेदरलँड्सपर्यंतच्या समुद्रकाठच्या पट्ट्यात पिकतो आणि त्यात फ्रान्स सर्वांत पुढे आहे. तेव्हा लिननच्या व्यापाराच्या किल्ल्या फ्रान्सच्या हाती असतील, असे कुणालाही वाटेल. त्या तशा नाहीत, कारण या धंद्याची कळ शेतात नसून चातीवर आहे.

शेताचे महत्त्व कमी नाही. मार्च-एप्रिलमध्ये पेरलेले रान जूनमध्ये निळे होते. एकेक फूल सकाळी उमलते आणि दुपारपर्यंत पाकळ्या गळूनही जातात. जुलैत ताटे कापत नाहीत, मुळासकट उपटतात, म्हणजे धाग्याची लांबी वाया जात नाही. आपल्याकडे अंबाडीचा वाख काढायला ताटे पाण्यात कुजत घालतात. तिथे ती शेतातच ओळीने पसरतात आणि दव, पाऊस, ऊन व बुरशी काही आठवड्यांत तेच काम करतात. कमी कुजले तर साल काडीपासून सुटत नाही, जास्त कुजले तर धागाच कमजोर पडतो. रात्री दव आणि मधूनमधून कोरडे ऊन देणारी ही हवा कोणत्याही कारखानदाराला उचलून दुसरीकडे नेता येत नाही.

सूतकताई मात्र नेता येते. कापसाला यंत्र लवकर मिळाले. जवसाचा वाख ताठ, त्यातले चिकट द्रव्य तंतूंना घट्ट धरून ठेवते, म्हणून तो यंत्राला दाद देईना. 1810 मध्ये नेपोलियनने हा वाख कातणाऱ्या यंत्रासाठी दहा लाख फ्रँकांचे बक्षीस जाहीर केले. फिलिप द जिरार याने त्याच वर्षी यंत्र सिद्ध केले, पण बक्षीस त्याच्या पदरात पडले नाही. पुढे तो पोलंडला गेला आणि तिथले झिरार्दुफ हे गिरणीगाव त्याच्या नावाने ओळखले जाऊ लागले. 1825 मध्ये इंग्लंडच्या जेम्स के याने वाख पाण्यात भिजवून कातण्याची रीत काढली. चिकटपणा सैलावतो, तंतू एकमेकांवरून सरकतात आणि बारीक सूत निघते. आजच्या गिरणीतही तलम लिननचे सूत असेच ओले कातले जाते. बेलफास्टमध्ये मलहॉलंड यांची कापसाची गिरणी 1828 मध्ये जळाली. ती पुन्हा उभी केली तेव्हा 1830 पासून तीत जवस कातले जाऊ लागले, आणि ते शहर लिननची राजधानी झाले. चाती जिकडे गेली, तिकडे व्यापार गेला.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ती पूर्वेकडे निघाली. आज फ्रान्समधल्या लांब वाखाचा बहुतांश भाग चीनमध्ये कातला जातो. भारतातही हुगळीकाठच्या रिशरा इथे जयश्री टेक्स्टाइल्सच्या गिरणीत युरोपातून आलेला वाख कातून लिनन तयार होते.

हा सारा मजुरीचा खेळ, असा आक्षेप घेता येईल. मजुरी हे कारण आहेच, पण एकटे नाही. सूत जिथे निघते त्याच्या आसपास विणकर, रंगारी आणि कपडे शिवणारे जमतात. ती वस्ती एकदा उठली की नुसत्या यंत्रांनी परत बसत नाही. 2022 मध्ये फ्रान्समध्ये बेत्यून इथे लिननची सूतगिरणी सुरू झाली, हे स्वागतार्ह आहे. पण फ्रान्सच्या पिकापुढे अशा गिरण्यांची क्षमता फारच तोकडी आहे. दुसरा आक्षेप आपल्या जवळचा: जवस विदर्भात होतेच, तर वाखही तिथेच का काढू नये? दोन्ही कामांचे वाण शोधायला हरकत नाही. पण आपले जवस रब्बीचे, जमिनीतल्या ओलीवर येणारे. काढणीनंतर लगेच उन्हाळा लागतो आणि आठवडेच्या आठवडे दव मिळत नाही. पाण्यात कुजवायचे, तर त्या दिवसांत पाणी आणायचे कुठून? विदर्भाने जवस तेलासाठीच जपावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

लिनन घेताना पट्टी नीट वाचावी. ‘युरोपियन फ्लॅक्स’ ही खूण वाख कुठे पिकला एवढेच सांगते. सूत आणि कापडही युरोपातलेच असल्याची हमी ‘मास्टर्स ऑफ लिनन’ ही वेगळी खूण देते. तीही नसेल, तर दुकानदाराला सरळ विचारावे: हे सूत कातले कुठे?