हिमनदीच्या तोंडाशी नांदणारे जीवाणू

निफाड परिसरात थंडीचा कडाका वाढून द्राक्षबागांत शेकोट्या पेटतात, तेव्हा घरातले खोबरेल तेल बाटलीत थिजून बसते, करडईचे तेल मात्र पातळच राहते. खोबरेलातील बहुतेक मेदाम्ले संतृप्त, म्हणजे सरळ साखळीची असल्याने एकमेकांना घट्ट बिलगतात. करडईतील असंतृप्त मेदाम्लांच्या साखळीला बाक असल्याने ती तशी बिलगू शकत नाहीत. ध्रुवीय पाण्यातील जीवाणू आपल्या पेशीच्या पातळ आवरणात अशीच बाकदार मेदाम्ले वाढवतात, आणि म्हणूनच शून्य अंशाच्या आसपासही ते आवरण लवचिक राहून अन्न आत घेऊ शकते.

अंटार्क्टिकातील शिर्माकर हा सुमारे ३५ चौरस किलोमीटरचा उघडा खडकाळ प्रदेश असून त्यात शंभराहून अधिक सरोवरे आहेत. भारताचे ‘मैत्री’ हे संशोधन केंद्र १९८९ पासून तेथील ज्या सरोवराकाठी उभे आहे, त्याला ‘प्रियदर्शिनी’ असे नाव आहे. अशा सरोवरांत मासे नाहीत. पुरेशा खोल सरोवरांत वरचा बर्फ जाड झाला तरी खाली पाणी उरते आणि तळाशी नीलहरित जीवाणूंचे, म्हणजे सूर्यप्रकाशावर अन्न तयार करणाऱ्या जीवाणूंचे, मऊ थर पसरलेले असतात. बाकीचे जीवाणू त्यांच्याच आधाराने जगतात.

उत्तर ध्रुवाकडचे चित्र याहून अस्थिर आहे. स्वालबार्ड द्वीपसमूहात, ७९ अंश उत्तर अक्षांशावर, २००८ मध्ये सुरू झालेले ‘हिमाद्री’ हे भारतीय केंद्र कोंग्सफियॉर्डच्या काठी आहे. फियॉर्ड म्हणजे हिमनदीने कोरलेली, जमिनीत खोल शिरलेली समुद्राची चिंचोळी खाडी. तिच्या वरच्या टोकाला हिमनद्या थेट समुद्रात उतरतात आणि उन्हाळ्यात त्यांचे गढूळ, गोडे पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगत पसरते. मुखाकडून अटलांटिकचे तुलनेने उबदार पाणी आत शिरते. गाळामुळे प्रकाश अडला की सूक्ष्म शैवाल खुंटते, आणि त्याच्या शर्करांवर पोसणाऱ्या फ्लेव्होबॅक्टेरियांसारख्या जीवाणूंनाही त्याची झळ बसते, तर हिमनदीजवळ गोड्या पाण्यातून वाहत आलेले जीवाणू समुद्राच्या पाण्यात मिसळलेले सापडतात. त्यामुळे येथील जीवाणूंची वस्ती ही बर्फ किती व कसा वितळतो आहे याची जिवंत नोंद ठरते.

भारताच्या ध्रुवीय संशोधनाची सूत्रे गोव्यातील वास्को येथील राष्ट्रीय ध्रुवीय व सागरी संशोधन केंद्राकडे आहेत. पाणी अतिसूक्ष्म छिद्रांच्या गाळणपटलातून गाळायचे, पटलावर उरलेल्या पेशींतून डीएनए काढायचा आणि त्यातील ओळखीच्या जनुकावरून कोणती कुळे तेथे होती ते ठरवायचे, ही जीवाणूंच्या अभ्यासाची रूढ रीत आहे. जुलै २०१४ मध्ये कोंग्सफियॉर्डच्या पाण्याखाली नांगरलेले ‘इंडआर्क’ हे निरीक्षणयंत्र तापमान आणि क्षारता वर्षभर टिपू शकते. जीवाणूंची कुळे मात्र बाटलीत भरून आणलेल्या पाण्यातूनच कळतात, म्हणून ठरलेल्या जागेचे, ठरलेल्या हंगामातले नमुने दरवर्षी घेण्यात खंड पडता कामा नये.