आपल्या पैशाचा हिशेब आपणच विचारायचा!

पहिली तारीख आली की आपण वही काढतो. वाण्याचं बिल, दूधवाला, गॅस, मुलांची फी, सासूबाईंची औषधं. दोन रुपये कुठं गेले हे आठवेपर्यंत आपल्याला झोप येत नाही. पण मैत्रिणींनो, आपल्याच घरातून दररोज थोडा थोडा पैसा आणखी एका मोठ्या घराकडे जात असतो आणि त्या घराची वही मात्र आपण कधी उघडून बघत नाही. ते घर म्हणजे सरकारची तिजोरी.

“पण मी कुठं कर भरते? कर तर हे भरतात!” असं आपल्यापैकी कितीतरी जणी म्हणतात. तसं नाही हं! साबण, टूथपेस्ट, डोक्याचं तेल घेताना आपण कर भरतोच. या वस्तूंवर पूर्वी १८ टक्के जीएसटी होता, तो २२ सप्टेंबर २०२५ पासून ५ टक्क्यांवर आला. म्हणजे स्वतःची कमाई असो वा नसो, पिशवी घेऊन दुकानात जाणारी प्रत्येक बाई करदातीच आहे. मग हिशेब विचारायला लाजायचं कशाला?

खासदारांना मिळतं तरी किती?

पगाराचा कायदा १९५४ चा. तेव्हा खासदाराला महिना ४०० रुपये मिळत. २०१० मध्ये पगार १६ हजारांवरून ५० हजार झाला, २०१८ मध्ये १ लाख. मार्च २०२५ मध्ये तो १ लाख २४ हजार केल्याचं जाहीर झालं आणि तोही १ एप्रिल २०२३ पासून, म्हणजे मागच्या फरकासकट! शिवाय अधिवेशनाला हजर राहिल्याचा भत्ता दिवसाला २,५०० रुपये. मतदारसंघाचा आणि कार्यालयाचा भत्ता वेगळा. वर्षाला ३४ एकेरी विमानप्रवास, रेल्वेचा वरच्या वर्गाचा पास, दिल्लीत घर, वर्षाला ५० हजार युनिट वीज. आपल्या मीटरचा आकडा आठवून बघा एकदा! खासदारकी संपल्यावर महिना ३१ हजार पेन्शन, आणि ५ वर्षांपेक्षा जास्त काळ खासदार राहिल्यास पुढच्या प्रत्येक वर्षामागे २,५०० रुपये जास्त.

वाचून कपाळाला आठ्या पडल्या ना? पण जरा थांबा.

पगार नसावाच का?

नाही, पगार हवाच. इंग्लंडमध्ये १९११ पर्यंत खासदारांना सरकारी पगार नव्हता. त्यामुळे ज्याच्या घरी पिढीजात पैसा, तोच सहसा पार्लमेंटात बसे. गिरणी कामगारानं कामावर खाडा करून तिथं जायचं आणि घरी चूल कशी पेटायची? आपल्याकडेही पगार बंद केला तर शिक्षिका, परिचारिका, शेतकऱ्याची सून दिल्लीला जाऊच शकणार नाही. उरतील ते फक्त गडगंज. आणि ज्याला सरळ मार्गानं पुरेसं मिळत नाही, तो वाकडा मार्ग शोधतो, हेही आपल्याला ठाऊक आहेच. तेव्हा “फुकटात राबा” म्हणणं काही शहाणपणाचं नाही.

खटकतं ते दुसरंच. राज्यघटनेच्या १०६ व्या कलमानुसार खासदारांचा पगार संसदच ठरवते. म्हणजे आपलं ताट आपणच वाढून घ्यायचं! २०१८ पासून एक सुधारणा झाली. दर ५ वर्षांनी महागाईच्या निर्देशांकानुसार पगार बदलायचा असं ठरलं. तरी वाढणारे हात तेच. इंग्लंडात २००९ साली खासदारांच्या खर्चाची बिलं वर्तमानपत्रात छापून आली, तेव्हा एका महाशयांनी तळ्यातल्या बदकांच्या घरकुलाचाही खर्च मागितल्याचं उघड झालं. (तो मंजूर झाला नाही, हे नशीब!) त्या गदारोळानंतर तिथं पगार आणि भत्ते ठरवण्याचं काम एका स्वतंत्र संस्थेकडे दिलं गेलं.

विचारलं की फरक पडतो

उत्तर प्रदेशात १९८१ च्या कायद्यानं मंत्र्यांचा आयकर सरकारी तिजोरीतून भरला जाई. जवळजवळ ४० वर्षं! बातमी झाली, लोकांनी प्रश्न केले आणि २०१९ मध्ये ती पद्धत बंद करायचं ठरलं. संसदेच्या कँटीनमधलं अनुदान २०२१ मध्ये थांबलं. पंजाबात माजी आमदारांना जितक्या वेळा निवडून आले तितकी पेन्शन वाढत जाई. २०२२ मध्ये ‘एक आमदार, एक पेन्शन’ झालं. आणि आपल्या जिव्हाळ्याची गोष्ट म्हणजे सॅनिटरी पॅडवर १२ टक्के जीएसटी होता, तो बायकांनी आवाज उठवल्यावर जुलै २०१८ मध्ये पूर्ण उठला.

मोठ्या रकमेकडे बघा

कोथिंबिरीच्या जुडीसाठी घासाघीस करायची आणि सोनाराचं बिल न वाचता पैसे मोजायचे, असं आपण करत नाही. इथंही तसंच. खासदाराचा पगार वर्षाला होतो १४ लाख ८८ हजार. पण खासदार निधी असतो वर्षाला ५ कोटी, म्हणजे पगाराच्या तेहतीस पट! १९९३ मध्ये सुरू झालेला हा निधी खासदाराच्या हातात पडत नाही. खासदार काम सुचवतो आणि जिल्हा प्रशासन ते करून घेतं. कामाच्या जागी खर्च आणि खासदाराचं नाव लिहिलेली पाटी लावायचा नियम आहे. भाजीला जाताना समाजमंदिर, बोअरवेल, शाळेची खोली दिसली तर पाटी जरूर वाचा. पाटीवर खोली आहे आणि जागेवर नाही, असं तर नाही ना?

अर्ज असा करा

१) माहितीचा अधिकार २००५ पासून प्रत्येक नागरिकाला आहे. अर्ज स्वतःच्या नावानं करा. माहिती कशाला हवी, याचं कारण द्यावं लागत नाही.

२) ‘जन माहिती अधिकारी, जिल्हाधिकारी कार्यालय’ असा पत्ता घाला. १० रुपयांचा कोर्ट फी स्टँप लावा.

३) आपल्या राज्यात एका अर्जात एकच विषय आणि साधारण १५० शब्द, असा नियम आहे. म्हणून थोडक्यात लिहा: “आमच्या प्रभागात गेल्या २ वर्षांत खासदार निधीतून झालेली कामं, प्रत्येकाचा मंजूर खर्च व प्रत्यक्ष खर्च यांची यादी मिळावी.”

४) “असं का केलंत?” असं विचारू नका. कागद मागा, यादी मागा, बिलाची प्रत मागा.

५) अर्जाची पोच घ्या आणि जपून ठेवा. ३० दिवसांत उत्तर यायला हवं. नाही आलं तर पहिलं अपील करा.

एकटीला अवघड वाटत असेल तर भिशीतल्या, भजनी मंडळातल्या चार जणी मिळून बसा. एकीनं लिहायचं, एकीनं पोस्टात टाकायचं, एकीनं तारीख लक्षात ठेवायची. वाण्याच्या बेरजेतली चूक आपण बोट ठेवून दाखवतोच की! हे बिल थोडं लांबलचक आहे, एवढंच.