हिमाची आवक आणि शिल्लक

अर्थव्यवहारात आवक आणि शिल्लक यांत भेद करावा लागतो. अंटार्क्टिकावरील हिमाच्या हिशेबातही हेच पथ्य पाळावे लागते. कारण तेथे जेवढे हिम पडते, तेवढे पडल्या जागी राहत नाही. मधला व्यवहार वाऱ्याच्या हाती असतो.

त्या खंडाच्या उंच पठारावर गारठलेली जड हवा उतारावरून समुद्राकडे घसरत येते. डग्लस मॉसन यांच्या मोहिमेने १९१२-१३ मध्ये केप डेनिसन येथे नोंदी घेतल्या, तेव्हा वाऱ्याची वार्षिक सरासरीच ताशी सुमारे ७० किलोमीटर भरली. असा वारा हिमाचे स्थान तर बदलतोच, स्वरूपही पालटतो. स्फटिकांचे नाजूक फाटे आपटून मोडतात, कण बारीक व गोलसर होतात आणि खाली बसल्यावर एकमेकांस घट्ट चिकटतात. ताज्या, भुसभुशीत हिमाच्या एका घनमीटरचे वजन शंभर किलोंच्या आसपास किंवा त्याहून कमी असते. वाऱ्याने ठासलेल्या हिमाचे तीनशे-चारशे किलो भरते. शिवाय उडत असतानाच काही हिम न वितळता थेट वाफ होऊन नाहीसे होते.

याची किंमत आपणही मोजली आहे. १९८३-८४ च्या मोहिमेत उभारलेले ‘दक्षिण गंगोत्री’ हे भारताचे पहिले केंद्र साचत्या हिमाखाली गाडले गेले आणि १९९० मध्ये ते सोडून द्यावे लागले. ‘मैत्री’ खडकाळ भूमीवर बांधले गेले, ते उगीच नव्हे.

परंतु खरा प्रश्न याहून मोठा आहे. अंटार्क्टिकावरील सर्व बर्फ वितळल्यास जगातील समुद्रपातळी सुमारे ५८ मीटरांनी वाढेल. तसे नजीकच्या काळात होणार नाही. तथापि त्या साठ्यातील अल्प घटही मुंबईसारख्या किनारी शहरांना जाणवेल. उपग्रह पृष्ठभागाची उंची मोजतात. पण उंचीवरून वजन काढायचे, तर हिमाची घनता ठाऊक हवी. रुपयांतील वाढ पाहून उत्पादन वाढले असे म्हणण्यापूर्वी भावपातळी तपासावी लागते, तसेच हे आहे. जमिनीवरील मापनपात्रालाही आकाशातून पडलेले हिम आणि शेजारून उडून आलेले हिम वेगळे ओळखता येत नाही.

म्हणूनच ध्रुवीय संशोधनावरील खर्चाचे मोल केवळ नव्या इमारतींवरून ठरवू नये. वर्षानुवर्षे अखंड ठेवलेल्या साध्या नोंदी हेच तेथील खरे भांडवल होय. ज्या हिशेबात वाऱ्याचे खातेच उघडलेले नाही, त्यातील शिलकेवर विसंबणे शहाणपणाचे ठरणार नाही.