भदभद्याचे दरवाजे आणि चेकपॉइंट
भोपाळचा मोठा तलाव पावसाळ्यात 1666.8 फुटांच्या पूर्ण पातळीला टेकला की भदभदा धरणाचे दरवाजे उघडतात. 1965 सालच्या या धरणाला 11 दरवाजे आहेत, पण येणाऱ्या पाण्याचा अंदाज घेत आधी एखाद-दुसराच उचलतात. डेटाबेस सांभाळणाऱ्यालाही हाच संयम हवा. पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये बदललेली आठ-आठ किलोबाइटची पानं मेमरीत साठत जातात आणि चेकपॉइंटला ती डिस्कवर उतरवावी लागतात. सगळी एका दमात उतरवली, तर त्याच वेळी आलेली साधी क्वेरीसुद्धा डिस्कपाशी ताटकळते. म्हणून 2008 च्या 8.3 आवृत्तीत हे लेखन पसरवण्याची सोय आली. 2021 च्या 14व्या आवृत्तीपासून तर दोन चेकपॉइंटमधला नव्वद टक्के वेळ त्यासाठी वापरायचा, असं मूळ सेटिंगच आहे.

तरीही चेकपॉइंट जितके वारंवार तितका डेटा सुरक्षित, हा समज टिकून आहे. वीज गेली तर मेमरीतली पानं जाणारच, ही भीती त्यामागे असते. पण इथे तलावाची उपमा थांबते आणि कीर्द-खतावणीची सुरू होते. मूळ सेटिंगमध्ये प्रत्येक व्यवहार आधी लॉगच्या कीर्दीत, डिस्कवर, नोंदला जातो. मगच तो झाल्याचं उत्तर मिळतं. चेकपॉइंट ही नंतरची खतावणी. ती मागे राहिली म्हणून नोंद बुडत नाही. उलट घाई महागात पडते: चेकपॉइंटनंतर एखाद्या पानात पहिला बदल झाला की ते अख्खं पान लॉगमध्ये जातं, अर्धवट लिहिलं गेलेलं पान दुरुस्त करता यावं म्हणून. चेकपॉइंट वाढले की लॉगही फुगतो.

सर्व्हर कोसळल्यावर लांबलेला लॉग पुन्हा चालवायला वेळ लागतो, हा आक्षेप मात्र खरा आहे. दोन चेकपॉइंटमधलं पाच मिनिटांचं अंतर पंधरावर नेताना ते वजन मोजलंच पाहिजे. पण कोसळणं क्वचितचं, घाईची किंमत रोजची. आणि जिथे काही मिनिटंही थांबणं परवडत नाही, तिथे जोडीला दुसरा, सज्ज सर्व्हर हवा. निर्णय अंदाजाने घेण्याचंही कारण नाही. ठरल्या वेळेनुसार झालेले आणि मागणीवरून झालेले चेकपॉइंट पोस्टग्रेस वेगवेगळे मोजतो. मागणीवरचेच जास्त दिसले, तर बहुधा लॉगची एक गिगाबाइटची मूळ मर्यादा घड्याळाआधीच भरते आहे. ती आधी वाढवायची.