शुगरच्या गोळीने म्हातारपण लांबतं का?

मागच्या पौर्णिमेला वंदना झाल्यावर एका काकूंनी मला विहाराच्या पायरीवर थांबवलं. "सिस्टर, शुगरच्या साठ गोळ्या आणते, रोज दोनच घेते, तरी वीस दिवसांत संपतात. दुकानदार कमी देतो का?" दुकानदार बरोबर देत होता. काकाच त्यातली रोज एक गोळी घेत होते. काकांना मधुमेह नाही. मेटफॉर्मिन घेतलं की वय थांबतं, असं त्यांनी मोबाइलवर ऐकलं होतं. आणि काकू मात्र महिन्याचे शेवटचे दहा दिवस गोळीविना काढत होत्या.

काकांना हसू नका. ही गोष्ट अगदीच हवेतली नाही.

गॅलेगा नावाच्या युरोपातल्या एका झुडपातल्या द्रव्यावरून या औषधाचा शोध सुरू झाला. पॅरिसच्या डॉ. जाँ स्टर्न यांनी मधुमेहींवर ते वापरून १९५७ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. बाबासाहेबांचं महापरिनिर्वाण झालं ६ डिसेंबर १९५६ला. मधुमेहाने त्यांचं शरीर किती पोखरलं होतं हे आपण जाणतो. या दोन तारखा शेजारी ठेवल्या की मला नेहमी हुरहूर लागते. आज हीच गोळी सरकारी दवाखान्यात मिळते आणि जेनेरिक दुकानात अगदी स्वस्त असते.

१९९८ साली ब्रिटनमधला एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात वजन जास्त असलेल्या मधुमेहींपैकी ज्यांना मेटफॉर्मिन दिलं, त्यांच्यातले मृत्यू फक्त आहारावर ठेवलेल्यांपेक्षा ३६ टक्क्यांनी कमी होते. मग २०१४ साली तिथल्याच नोंदींवरून असं दिसलं की मेटफॉर्मिन घेणारे मधुमेही, मधुमेह नसलेल्यांपेक्षाही थोडे जास्त जगतात. सगळा गाजावाजा इथून सुरू झाला. पण त्या हिशोबात एक मेख होती. आजार वाढून ज्यांचं औषध बदलावं लागलं, त्यांची मोजणी तिथेच थांबवली होती. म्हणजे मागे उरले ते बऱ्यापैकी धडधाकट. २०२२ साली डेन्मार्कच्या संशोधकांनी तिथल्या नोंदींवर, जुळ्या भावंडांसह, हाच प्रश्न पुन्हा तपासला. मेटफॉर्मिन घेणाऱ्या मधुमेहींमध्येच मृत्यू जास्त निघाले.

प्राण्यांवरचे प्रयोगही असेच. २०१३ साली नर उंदरांचं आयुष्य थोड्या मात्रेने सुमारे ६ टक्क्यांनी वाढलं, पण दहापट मात्रेने घटलं. २०२४ साली चीनमध्ये नर माकडांना ४० महिने गोळी दिली. त्यांचा मेंदू मोजणीत सुमारे सहा वर्षं तरुण वाटला. मोबाइलवर फिरते ती हीच बातमी. पण माकडं थोडी होती आणि त्यात मादी एकही नव्हती.

खरं उत्तर माणसांवरच्या चाचणीतूनच मिळेल. अमेरिकेत डॉ. नीर बार्झिलाय यांनी ती आखली आहे. ६५ ते ७९ वयाचे, मधुमेह नसलेले ३००० लोक आणि सहा वर्षांचा काळ. ती वर्षानुवर्षं पैशाअभावी रखडली. गोळीचं पेटंट कधीच संपलंय, मग कोणती कंपनी पैसा घालणार? गरिबाला परवडणाऱ्या औषधाची कथा बहुधा अशीच असते.

मला सर्वात महत्त्वाचा वाटतो तो २०१९ सालचा अमेरिकेतला अभ्यास. ६५ वर्षांवरच्या निरोगी लोकांना १४ आठवडे वजन उचलण्याचा व्यायाम दिला. मेटफॉर्मिन घेणाऱ्यांचे स्नायू इतरांपेक्षा कमी वाढले. म्हातारपणी जमिनीवरून आधाराविना उठता येणं ही मोठी दौलत आहे. तिलाच ही गोळी धक्का लावत असेल, तर धडधाकट माणसाने ती घ्यायची कशाला?

मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्यांची गोष्ट वेगळी. अमेरिकेत अशा ३२३४ लोकांवर केलेल्या अभ्यासात (२००२) आहार-व्यायामाने मधुमेह होण्याचं प्रमाण ५८ टक्क्यांनी घटलं, गोळीने ३१ टक्क्यांनी. साठीपुढच्यांना गोळीचा उपयोग फारच थोडा झाला. चेन्नईच्या २००६च्या अभ्यासात दोन्हींचा फायदा जवळजवळ सारखा निघाला, आणि दोन्ही एकत्र करूनही जास्त काही मिळालं नाही. अशांना गोळी द्यायची की नाही, हे डॉक्टर ठरवतील.

गोळी निरुपद्रवी नाही. मळमळ, जुलाब सुरुवातीला बऱ्याच जणांना होतात. मूत्रपिंड फारच कमजोर असेल तर ती देतच नाहीत. वर्षानुवर्षं घेतल्यास बी-१२ कमी होतं. वर्षावासात किंवा कायमच ज्यांच्या घरी मांस-मासे बंद असतात, त्यांनी हे जास्त ध्यानात ठेवावं. मात्र ज्यांना मधुमेहासाठी गोळी दिली आहे, त्यांनी हे वाचून ती बंद करू नये. त्यांच्यासाठी ती खरोखर चांगली आहे.

काकांना मी तपासणीला नेलं. साखर ठीक होती. बी.पी. मात्र १६०/१०० निघालं. वय थांबवायला निघालेल्या माणसाने कित्येक वर्षांत बी.पी. एकदाही मोजलं नव्हतं. आता त्यांची स्वतःची गोळी सुरू झाली आहे. काकू दहा वर्षं मेटफॉर्मिन घेताहेत आणि त्यांच्या तळपायांना मुंग्या येतात. इतक्या वर्षांत बी-१२ तपासायला त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. परवा रक्त दिलंय, रिपोर्ट यायचा आहे.